चारशे भुरके

सातव्या प्रश्नापुढे छापणाऱ्याने बोटाच्या पेराएवढी चौकट ठेवली होती. प्रश्न होता, दिवसाला चहा किती कप? त्या चौकटीत तिने ‘४००’ लिहिलं आणि पान उलटलं. काउंटरवरच्या मुलीने कागद चाळले, भुवया कपाळात गेल्या, आणि ती काचेच्या भोकाजवळ तोंड आणून म्हणाली, “मॅडम, दोन शून्यं जास्त पडलीत.”

“नाही पडलीत.”

“चारशे? महिन्याला ना?”

“दिवसाला. शुक्रवारी जरा जास्त.”

मुलीने कॉम्प्युटरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग कागद परत सरकवले. “मॅडम, हा नव्व्याण्णवच्या वर आकडा घेत नाही. तुम्ही शेवटच्या पानावर ‘विशेष माहिती’मध्ये लिहा काय ते. आणि बाकीचंही भरून टाका, डॉक्टरीणबाई बोलावतीलच.”

ती खुर्चीवर परत आली. डाव्या हाताला नवरा, उजव्या हाताला सासूबाई, आणि मांडीवर पाच पानी अर्ज. नवऱ्याचा अर्ज अर्ध्या पानाचा होता. तो त्याने केव्हाच भरून, घडी घालून खिशात ठेवला होता, बसच्या तिकिटासारखा. समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. त्यात एक बाई पुरी उभी होती आणि तिच्या अंगावर चहूकडून बाण येऊन रुतले होते: झोप, जेवण, वजन, व्यायाम, चहा, दारू, तंबाखू, ताण. बाई मात्र बाणांचं काहीच न वाटल्यासारखी हसत होती. तिच्या मागे एक झाड होतं आणि झाडाच्या मागे एक पुरुष, अर्धाच दिसणारा. त्याच्यापर्यंत एकही बाण पोचला नव्हता. बिचारा चित्रात चुकून आला असावा, किंवा बाण संपेपर्यंत झाडामागे थांबला असावा.

“कशाला खरं लिहायला जातेस?” नवरा हलक्या आवाजात म्हणाला. “आठ-दहा लिहून टाकायचं. नाहीतरी आता सोडतेच आहेस.”

नाहीतरी आता सोडतेच आहेस. हे त्याने असं म्हटलं, जसं कुणी म्हणावं की छत्री असू दे, नाहीतरी आता ऊन पडलंय. त्याच्या बॅगेत एक कागद होता, त्याने रविवारी टाईप केलेला, दोनच ओळींचा: कौटुंबिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे, आणि खाली सहीसाठी जागा. पुलांचे नकाशे काढणारा माणूस तो, जागा सोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सहीची जागा अगदी मोजून सोडली होती. इथून सुटल्यावर सरळ तिच्या पेढीवर जायचं आणि कागद द्यायचा असं ठरलं होतं. कुणी ठरवलं होतं, हे आठवायचा ती आता प्रयत्न करत होती. जेवणाच्या टेबलावर तीन माणसं बसली होती, दोघं बोलत होती, आणि उठताना ठरलेलं होतं. तिने मान हलवली होती का? हलवली असेल. तोंडात घास असला की माणसाची मान हलतेच.

ती चहा चाखणारी होती. पेढीच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीशी (उत्तरेकडचाच उजेड, कारण तो दिवसभर रंग बदलत नाही) एक लांब टेबल, त्यावर पांढऱ्या वाट्यांची रांग, प्रत्येक वाटीमागे एक डबी, आणि चाखणाऱ्याबरोबर चाकांवर सरकणारी कमरेएवढी पितळी पिकदाणी. चमचा भरायचा, ओठांशी न्यायचा आणि असा भुरका मारायचा की चहा जिभेवर सांडू नये, उडावा. टाळूपर्यंत, नाकाच्या मागपर्यंत फवारा जावा. मग दोन क्षण, आणि पचकन पिकदाणीत. पुढची वाटी. भुरका जितका मोठा तितका कसबी माणूस. पेढीचा वस्ताद तर असा भुरका मारत असे की खालच्या रस्त्यावरचे कुत्रे कान टवकारत. एकदा त्याने ऐन भुरक्यात शिंक दाबली तेव्हा तीन वाट्या तडकल्या, असं सगळे सांगतात. दोन तर तिने स्वतः पाहिल्या होत्या. वस्तादाने एकदा घोट जिभेवर फिरवून सांगितलं होतं, ही पानं खुडणारी त्या दिवशी सासूशी भांडून आली होती. मळ्यावर पत्र गेलं, उत्तर आलं: भांडण झालं होतं खरं, पण जाऊबाईशी. वस्ताद आठवडाभर स्वतःवर चिडून होता. आणि ती स्वतः? तिसऱ्या वर्षीच तिने एका नमुन्यावर लिहिलं होतं, ‘जहाजात साबणाच्या पेटीशेजारी होता’. सगळे हसले. गोदामात जाऊन पाहिलं तर पेटीवर साबणाच्या कंपनीचा शिक्का उलटा उमटलेला. त्या दिवसापासून वस्तादाने तिला आपल्या उजव्या हाताला उभं केलं. आणि येत्या एक तारखेला तो टेबलाच्या टोकाचं आपलं उंच स्टूल सोडणार होता, ज्याच्या पायरीला चाळीस वर्षांत त्याच्या टाचेने खळगा पाडला होता. त्या खळग्यात तिची टाच नीट बसते, हे तिने एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणी नसताना पाहून ठेवलं होतं.

वस्तादाचा एकच नियम होता, आणि तो तो रोज सकाळी पहिल्या वाटीआधी म्हणायचा, जणू प्रार्थनाच: “जिभेवर आलं ते लिहा. मनात आलं ते घरी न्या.”

तिने उलटं केलं होतं. मनातलं पेढीवर नेलं होतं आणि जिभेवर आलेलं घरी लपवलं होतं, लग्न झाल्यापासूनची सहा वर्षं.

“आठवा प्रश्न काय विचारलाय?” सासूबाई चष्मा पुढे आणून वाकल्या. “झोप किती तास. लिही, सात. पण लागते कुठे तुला सात तास? अंगात एवढा चहा असल्यावर डोळा कसा लागणार! मी म्हणतच होते. जमीन कितीही चांगली असली तरी तिच्यावर रोज उकळतं पाणी ओतलं तर काय उगवणार?”

“आई, हळू बोला.”

“हळूच बोलतेय. इथे सगळ्याजणी त्याच कामाला आल्यात.”

पलीकडच्या खुर्चीवरची एक बाई मासिकामागे हसली. सासूबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती, पिशवीत डबा, आणि डब्यात तिच्यासाठी भिजवलेले बदाम, अंजीर, भोपळ्याच्या बिया आणि कुणीकुणी सांगितलेलं आणखी काय काय. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात वेलदोड्यांची पुडी होती. ती मुलासाठी. “माझा मुलगा वेलदोड्याशिवाय तोंडात काही टाकत नाही,” असं त्या अभिमानाने जगाला सांगत आणि दर पंधरवड्याला पुडी भरून देत. चोराला कंदील धरणारी आई जगात दुसरी नसेल, आणि बिचारीला चोर कोण तेही माहीत नव्हतं.

आणि चहाचं म्हणाल तर सासूबाईंना एक गोष्ट ठाऊकच नव्हती. लग्न जमवताना मामांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, “हे बघ, चव घेतेस म्हणून सांगू. थुंकतेस म्हणून सांगायचं नाही. मुलीच्या जातीला थुंकणं शोभत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.” मूठ झाकली गेली. दिवसाला चारशे वाट्या चाखते, एवढंच त्या घरात गेलं. पिकदाणी मामांनी वगळली. पहिल्या वर्षी सासूबाई कौतुकाने शेजारणींना सांगत, “आमची सून चारशे कप पिते, तरी बघा कशी सडपातळ!” दुसऱ्या वर्षी त्याच वाक्यातलं कौतुक गळालं. तिसऱ्या वर्षी वाक्य प्रश्नासारखं झालं. घरात कुणाला कधी वाटलं नाही की चारशे कप चहा पोटात घेऊन माणूस संध्याकाळी चालत घरी येणार नाही, पाटातून वाहत येईल. माणसाला कारण हवं असलं की तो हिशोब तपासत नाही.

नवऱ्याला मात्र माहीत होतं. लग्नानंतरच्या महिन्यात तो पेढीवर आला होता, दाराशी उभा राहून त्याने तिला सबंध रांग चाखताना पाहिलं होतं, आणि घरी येताना रस्त्यात तिच्या भुरक्याची नक्कल करत तो इतका हसला होता की दोघांना भिंतीला टेकावं लागलं होतं. त्या संध्याकाळी तिला तो फार आवडला होता. त्याच संध्याकाळी पहिल्यांदा तिला वेलदोड्याच्या खाली दुसरं काही लागलं. धूर. जळका कागद, ओल्या खाकी पुठ्ठ्यासारखी तंबाखू, चार तासांपूर्वीची. जिभेने आपोआप नोंद केली. पुढे पुढे तिला सिगारेटी किती हेही कळू लागलं, कुठली तेही, आणि दुपारची कुठली आणि गच्चीवरची कुठली. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, “सोडली. पूर्ण सोडली. आईला तर माहीतही नव्हतं, आता सांगायचंच कशाला!” त्या रात्री त्याने वेलदोडे दोन खाल्ले होते.

प्रश्न नववा: गर्भधारणा पूर्वी राहिली होती का? चौकट तेवढीच, पेराएवढी.

अकरा आठवडे. लिहायला दोन आकडे पुरतात. तेव्हा ती वाट्यांच्या रांगेपुढे उभी होती आणि सगळ्या वाट्यांना एकच चव येत होती, तांब्याच्या भांड्यात राहिलेल्या पाण्याची. तिने सतरा नमुन्यांवर ‘तांबं’ लिहिलं. वस्तादाने स्वतः चाखून पाहिलं, चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, “चहात नाही. घरी जा, बाळ.” तिला आधी कळलं नाही. तीन दिवसांनी, सगळं संपलं तेव्हा कळलं. दवाखान्यातून परत आली तेव्हा सासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवला, मऊ भात भरवला, आणि संध्याकाळी ती पाणी प्यायला उठली तर स्वयंपाकघरात फळीवरचा चहाचा डबा नव्हता. त्याच्या जागी धुळीत एक स्वच्छ गोल होता. त्या गोलाकडे बघत ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तेव्हाच म्हणता आलं असतं: आई, मी पीत नाही, थुंकते. पण म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. चहा नाही, मग काय? आणि त्या प्रश्नाचं बोट फिरत फिरत गच्चीवर गेलं असतं, जिथे तिचा नवरा त्या वेळी पाठमोरा उभा होता, त्याचे खांदे हलत होते आणि दोन बोटांच्या मधे एक लाल ठिपका मोठा होत होता, लहान होत होता. तिला त्याची दया आली. तिने चहाला पुढे केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. फक्त फाशीच्या दोरीला साबण तिने स्वतः लावला होता.

आता, कारण तेच होतं असं नव्हे. हे तिलाही माहीत होतं. ज्या गोष्टी घडतात त्यांच्यामागे दर वेळी कुणाची सवय उभी असतेच असं नाही. कधी कधी मागे कुणीच नसतं. पण ज्या घरात एकाच्याच सवयी मोजल्या जातात, तिथे तिने मनातल्या मनात सगळंच मोजायला सुरुवात केली होती. ओठांना लावलेला रंग. कॉलेजात धावायची ते. परीक्षेच्या वर्षी पहाटेपर्यंत जागायची ते. बिनबाहीचं घालून थंडीत फिरली ते. बाई म्हणजे काय, लहानपणापासून आपल्याविरुद्धचा पुरावा गोळा करत आलेली! सहा वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारा हातही स्वतःचाच.

प्रश्न चौदावा: सकाळचा नाश्ता. नियमित / कधीकधी / नाही.

इथे ती थांबली. कारण इथे जिभेवर जे आलं ते तिला आवडलं नाही. चाखणारे उपाशीपोटी चाखतात. वस्ताद अकरापर्यंत काही खात नसे, म्हणून तीही खात नसे. मग अकराचे दोन होत, दोनला एखादं बिस्कीट. वजनाचा काटा चढायचा सोडून खाली येत होता. पाळी कधी चाळीस दिवसांनी, कधी साठ, मध्ये एकदा तीन महिने आलीच नाही तेव्हा घरात केवढी आशा पसरली होती! भिंतीवरच्या बाईच्या अंगातला एक बाण, ‘वजन’ लिहिलेला, तो तिचा होता. कुणी मारलेला नव्हता, खरा होता. तिने ‘नाही’वर गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘दुपारी दोनपर्यंत उपाशी. नऊ वर्षं.’ लिहिताना हात हलका झाला. गंमत आहे: स्वतःविरुद्ध एक खरी ओळ लिहिली की बाकीच्या खोट्या ओळी आपोआप सुकून गळायला लागतात.

मग शेवटचं पान. ‘वरील हानिकारक सवयी सोडण्याची तयारी आहे का?’ खाली सही, आणि त्याखाली ‘विशेष माहिती’, चार रेघा.

“झालं का?” नवऱ्याने बॅगेची चेन उघडली. “हाही आत्ताच सही करून ठेव ना. तिथे गेल्यावर वस्ताद भावनिक करेल तुला.” त्याने तो दोन ओळींचा कागद अर्जावर ठेवला. श्वास तिच्या गालाशी आला. वेलदोडा. त्याच्या खाली, एक तासापूर्वीची.

“तू सही केलीस तुझ्यावर?” तिने विचारलं.

“कशावर? हां, माझा अर्ज. केली की. त्यात आहे काय, तीन प्रश्न.”

“दाखव.”

“अगं, काय दाखव?”

तिने त्याच्या खिशातून घडी काढली. वय. पूर्वीचे आजार. धूम्रपान: नाही. ‘नाही’ सुरेख अक्षरात होतं, नकाशावरच्या नदीच्या नावासारखं.

सासूबाईंसाठी काउंटरवरच्या मुलीने यंत्रातून चहाचा कागदी कप आणून दिला होता. तो त्यांच्या हातात निवत होता. तिने पर्स उघडली. चाखणारे आपला चमचा दुसऱ्याला देत नाहीत आणि घरी विसरत नाहीत. तिचा चमचा फडक्यात गुंडाळलेला होता, नऊ वर्षं घासून दांड्याची नक्षी गेलेला. “आई, जरा तो कप द्या.”

“तू घेऊ नकोस गं ते! इथे तरी—”

तिने चमचा भरला, ओठांशी नेला आणि भुरका मारला. त्या शांत, फिनेलच्या वासाच्या दालनात तो असा वाजला की काउंटरवरच्या मुलीचं पेन पडलं, मासिकामागची बाई मासिकापुढे आली, आणि कुणी काही म्हणो, झाडामागचा तो अर्धा पुरुषही क्षणभर डोकावला. दोन क्षण. मग ती वाकली आणि शेजारच्या कुंडीत पचकन थुंकली.

“अगं बाई!” सासूबाई उभ्याच राहिल्या. “थुंकलीस?”

“पान जुनं आहे. आणि यंत्र कुणीतरी लिंबाने धुतलंय,” ती म्हणाली. “हो आई, थुंकले. दिवसाला चारशे वेळा थुंकते. माझं काम तेच आहे. भुरका मारायचा, चव सांगायची, थुंकायचं. सहा वर्षांत पेढीवरचा एक कपसुद्धा माझ्या पोटात गेलेला नाही.”

“म्हणजे? आणि तुझे मामा तर—”

“मामांनी झाकलं. मग मी झाकलं.”

सासूबाई खाली बसल्या. पिशवी मांडीवर घट्ट धरली. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू सहा वर्षं ज्या खुंटीला त्यांनी सगळं टांगलं ती खुंटीच भिंतीत नव्हती. “मग पोटात जातं तरी काय तुझ्या?” त्यांनी शेवटी विचारलं.

“काही नाही. दुपारी दोनपर्यंत काही नाही. ती माझी चूक, ती मी लिहिलीय इथे.” तिने बोट ठेवलं. “ती मी सोडणार आहे. उद्यापासून खाऊन जाईन. वस्ताद ओरडला तर ओरडू दे, स्टूल तो सोडतोय, मी नाही.”

“अगं, सगळे बघताहेत,” नवरा म्हणाला.

“बघू देत. तू मला पेढीवर पाहिलं होतंस. रस्त्यात हसला होतास. आणि रविवारी बसून तू हा कागद टाईप केलास.” तिचा आवाज चढला नव्हता, टेबलाशी निकाल सांगताना असतो तसा सपाट होता. तिने त्याचा अर्ज त्याच्याच मांडीवर ठेवला, ‘नाही’ वर येईल अशी घडी उलगडून, आणि आपलं पेन त्याच्या हातात दिलं. “तू लिहितोस की मी लिहू?”

सासूबाईंनी मान वळवली. सावकाश, मुलाकडे. मग पिशवीच्या बाहेरच्या कप्प्याकडे. मग परत मुलाकडे. पंधरा-पंधरा दिवसांच्या सगळ्या पुड्या त्या नजरेत एकामागून एक उघडत गेल्या. “काय रे?” एवढंच त्या म्हणाल्या.

त्याने मान खाली घातली. ‘नाही’वर एक रेघ ओढली, सरळ, घाबरला तरी रेघ वाकडी काढणारा तो नव्हता. शेजारी लिहिलं: दिवसाला तीन.

“पाच,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग होता, लाज होती, आणि कुठेतरी खाली, वेलदोड्याच्या खाली धूर लागावा तशी, रस्त्यात भिंतीला टेकून हसलेल्या माणसाची एक किंचितशी चवही होती. ती पुरेशी आहे की नाही, हे तिला आत्ता सांगता येणार नव्हतं. त्याने तीन खोडलं आणि पाच केलं.

आतलं दार उघडलं. “चारशे कपवाल्या कोण?” नर्सने विचारलं. तोवर तिची कीर्ती आत पोचली होती.

तिने शेवटच्या पानावर सही केली. ‘विशेष माहिती’च्या चार रेघांपैकी एकच वापरली: ‘चाखणं सोडणार नाही.’ मग दोन ओळींचा तो कागद उचलला, चमचा त्यात धरून नीट पुसला, मोजून सोडलेल्या सहीच्या जागेवर चहाचा डाग उमटेपर्यंत, आणि कागद कुंडीशेजारच्या टोपलीत टाकला. सासूबाईंनी डबा उघडून पुढे केला. तिने त्यातली दोन अंजिरं घेतली, एक तोंडात टाकलं, आणि चावत चावतच आत शिरली.

“दोघांनी यायचंय,” नर्स तिच्या मागे बघून म्हणाली.

“येतोय तो,” तोंडातला घास गिळून ती म्हणाली. “झाडामागून निघायला जरा वेळ लागतो.”